विश्वास टाकणारा हेडमास्तर : रग्बीचे डॉ. थॉमस आर्नल्ड

आपल्या धर्मग्रामांतील जुन्या शाळांच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत पूर्वसूरींच्या तसबिरी ओळीने लावलेल्या दिसतात. खाली नाव असते आणि सेवाकाळाची दोन साले. दाखला न्यायला आलेला विद्यार्थी क्षणभर त्यांच्याकडे पाहतो आणि निघून जातो. त्या दोन सालांच्या मधल्या काळात त्या माणसाने शाळेसाठी काय केले, हे जुन्या अहवालांत थोडेफार सापडते. परंतु शाळेची शेवटची घंटा झाल्यावर तो घरी परतला, तेव्हा त्याची मुले त्याची वाट पाहत होती की त्याची चाहूल लागताच गप्प होत होती, हे तसबीरही सांगत नाही आणि अहवालही सांगत नाही.

शाळा आणि घर या दोन्ही ठिकाणी एकच माणूस म्हणून जगलेल्या एका हेडमास्तरांचे स्मरण या लेखात करावयाचे आहे. इंग्लंडमधील रग्बी येथील शाळेचे हेडमास्तर डॉ. थॉमस आर्नल्ड (१७९५-१८४२) हे ते गृहस्थ होत. ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. अँग्लिकन पंथाचे ते धर्मोपदेशक होते आणि आपल्या काही श्रद्धाविषयांना त्यांचा अखेरपर्यंत कडवा विरोध होता. असे असूनही कॅथलिक कुटुंबांनी त्यांची ओळख करून घ्यावी असे त्यांच्या चरित्रात पुष्कळ आहे. ते कोणते, हे पुढील हकिकतीवरून वाचकांच्या ध्यानात येईल.

पूर्वायुष्य

थॉमस आर्नल्ड यांचा जन्म १३ जून १७९५ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर झाला. वडील जकात खात्यात अधिकारी होते. थॉमस सहा वर्षांचाही झाला नव्हता तोच, १८०१ मध्ये, वडील हृदयविकाराने एकाएकी गेले. पितृछत्र हरपलेल्या या मुलाने विंचेस्टरच्या शाळेत व पुढे ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेतले. १८१५ साली तेथील ओरिएल महाविद्यालयाचा तो फेलो झाला आणि १८१८ मध्ये त्याला अँग्लिकन पंथात धर्मसेवेची दीक्षा मिळाली.

१८१९ मध्ये थेम्स नदीकाठच्या लेलहॅम या गावी आर्नल्ड यांनी विद्यापीठाची तयारी करणारे मोजके विद्यार्थी घरी ठेवून शिकवायला आरंभ केला. पुढच्याच वर्षी एका धर्मोपदेशकाची कन्या मेरी पेनरोझ हिच्याशी त्यांचा विवाह झाला. येथील आठ-नऊ वर्षांत त्यांच्या शिक्षणविचाराचा पाया घातला गेला. कारण तेथे शाळा आणि घर एकाच छपराखाली होते. विद्यार्थी ज्या अंगणात खेळत त्याच अंगणात गुरूची लहान मुले रांगत होती. विद्यार्थ्यांबरोबर पोहणे, धावणे, दूरवर फिरायला जाणे हे आर्नल्ड यांच्या नित्यक्रमातच होते.

रग्बीची शाळा

१८२७ च्या अखेरीस रग्बीच्या हेडमास्तरपदासाठी आर्नल्ड यांची निवड झाली आणि ऑगस्ट १८२८ मध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली. इंग्लंडमध्ये ज्यांना ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात त्या शाळा नावाप्रमाणे सार्वजनिक नसतात. श्रीमंतांची मुले वसतिगृहात राहून शिकतात अशा त्या शाळा. रग्बीची शाळा लॉरेन्स शेरिफ नावाच्या एका व्यापाऱ्याच्या देणगीतून १५६७ साली स्थापन झाली होती आणि ती मूळची गावच्या मुलांसाठी होती, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

त्या काळी अशा शाळांची कीर्ती फारशी स्पृहणीय नव्हती. मोठ्या मुलांनी धाकट्यांना गुलामासारखे राबवावे, दारू प्यावी, शिक्षकांनी छडीच्या जोरावर वर्ग सांभाळावा आणि छडीची पाठ वळताच मुलांनी खोटे बोलून निसटावे, असा एकूण प्रकार होता. १७९७ साली रग्बीतच विद्यार्थ्यांनी बंड पुकारले होते आणि ते मोडून काढण्यासाठी सैनिकांना पाचारण करावे लागले होते.

आर्नल्ड यांनी काय केले? नवीन इमारती बांधल्या नाहीत की नियमांचे जाडजूड पुस्तक छापले नाही. शाळा कशासाठी, याचा क्रम तेवढा त्यांनी ठरवला. प्रथम धर्मनिष्ठा व नीती, त्यानंतर सभ्य आचरण आणि तिसऱ्या स्थानी बुद्धीची चमक. शाळेत तीनशे मुले असोत, शंभर असोत की पन्नास, त्याला महत्त्व नाही. जी असतील ती ख्रिस्ती सज्जन म्हणून वाढली पाहिजेत, अशी त्यांची भूमिका होती. शाळेच्या उपासनामंदिरातील धर्मोपदेशकाची जागा रिकामी झाली, तेव्हा विश्वस्तांकडे ती त्यांनी स्वतःसाठी मागून घेतली आणि त्या कामाचे वेतन नाकारले. आपल्या मुलांना दर रविवारी उपदेश करण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला द्यावा हे त्यांना मानवत नव्हते. त्यांची प्रवचने आटोपशीर, साधी आणि थेट मुलांच्या दैनंदिन जीवनाला भिडणारी असत.

अभ्यासक्रमात ग्रीक व लॅटिनचे स्थान त्यांनी कायम ठेवले. परंतु गणित, आधुनिक इतिहास आणि फ्रेंच या विषयांनाही नियमित जागा दिली. ते स्वतः इतिहासाचे व्यासंगी होते. थुसिडिडिस या ग्रीक इतिहासकाराच्या ग्रंथाची आवृत्ती त्यांनी सिद्ध केली आणि रोमचा इतिहास लिहावयास घेतला. तो त्यांच्या मृत्यूमुळे अपुरा राहिला. शाळेच्या कामातून लेखनवाचनाला वेळ कशाला काढता, असा प्रश्न त्यांना पडत नसे. शिक्षकाने रोज नवे शिकत राहिले तरच विद्यार्थ्याला वाहते पाणी प्यायला मिळते. नाहीतर डबक्यातले पाणी त्याच्या नशिबी येते, असे त्यांचे मत होते. आजच्या शिक्षकांनी हे वचन आपल्या टेबलावर लिहून ठेवण्याजोगे आहे.

विश्वासाची शिस्त

परंतु आर्नल्ड यांचे खरे वैशिष्ट्य वेगळेच होते. ते मुलांच्या शब्दावर विश्वास ठेवत. मुलाने काही सांगितले आणि त्यापुढे तो पुरावा देऊ लागला, की ते त्याला थांबवत. तू म्हणतोस ना, मग पुरे, असा त्यांचा भाव असे. त्याचा परिणाम असा झाला की हेडमास्तरांशी खोटे बोलणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असे मुलेच एकमेकांना सांगू लागली; कारण ते नेहमीच खरे मानतात! ज्याला फसवणे सोपे त्याला फसवू नये, ही समज छडीने येत नाही.

हाच विश्वास त्यांनी सर्वांत वरच्या वर्गातील मुलांवर टाकला. या मोठ्या मुलांकडे धाकट्यांवर देखरेख करण्याचे काम पूर्वीपासूनच होते. ती प्रथा आर्नल्ड यांनी निर्माण केली नाही. तिचा अर्थ मात्र बदलला. अधिकार गाजविण्यासाठी असलेले पद त्यांनी जबाबदारीचे केले. त्या मुलांना ते स्वतः शिकवत, घरी जेवायला बोलावत आणि शाळा चालविण्यातील सहकारी मानत. आपल्या शाळांतून आजही मॉनिटर आणि प्रिफेक्ट नेमले जातात, त्यांच्या छातीवर बिल्ले लावले जातात. त्या बिल्ल्यामागे मुलावर विश्वास टाकण्याची तयारी नसेल, तर तो केवळ पत्र्याचा तुकडा होय.

येथे कॅथलिक वाचकांना संत जॉन बॉस्को यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. आर्नल्ड यांच्या हयातीतच, १८४१ मध्ये, तुरिन शहरात डॉन बॉस्कोंनी रस्त्यावरच्या पोरांना जवळ घेण्यास आरंभ केला. या दोघांचे क्षेत्र भिन्न होते. एकाकडे जमीनदारांची आणि व्यापाऱ्यांची मुले होती, तर दुसऱ्याकडे कामाच्या शोधात शहरात आलेली गरिबाची लेकरे. तथापि मुलाचे मन जिंकल्याशिवाय त्याला शिस्त लावता येत नाही, ही खूणगाठ दोघांनीही बांधली होती. डॉन बॉस्कोंनी तर शिक्षेचा प्रसंगच येऊ नये अशी पद्धत घालून दिली. आर्नल्ड तेथवर पोहोचले नव्हते.

उणे बाजू

थोर माणसाचे स्मरण करताना त्याच्या उणिवा झाकल्या तर त्या स्मरणाचा उपयोग होत नाही. आर्नल्ड शीघ्रकोपी होते. छडीचा वापर त्यांनी कमी केला, पण सोडला नाही. शाळेत राहण्याने ज्याचा किंवा इतरांचा तोटा होईल असे वाटे, त्या मुलाला ते निःसंकोच घरी पाठवीत. एका मुलाने अभ्यासाबाबत खोटे सांगितले असे समजून त्यांनी त्याला अतिशय कठोर शिक्षा केली. पुढे मुलगा खरे बोलत होता हे उघड झाले. ज्यांची ख्याती मुलांवर विश्वास ठेवण्याची, त्यांनीच नेमका येथे अविश्वास दाखवला होता. आर्नल्ड यांनी त्या मुलाची माफी मागितली. हेडमास्तरने विद्यार्थ्यापुढे मान लववावी, ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी तर दुर्मीळ होतीच. आजही ती सुलभ झाली आहे असे म्हणवत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर वाटते. शाळेची कनिष्ठ शाखा त्यांनी क्षीण होऊ दिली. त्यामुळे गावातील दुकानदार आणि कारागिरांच्या मुलांना वरच्या वर्गांत येण्याची वाटच उरली नाही. ज्या गावच्या मुलांसाठी लॉरेन्स शेरिफने आपली संपत्ती ठेवली, तीच मुले शाळेच्या फाटकाबाहेर राहिली. १८३९ मध्ये हे प्रकरण न्यायालयात गेले आणि तेथे आर्नल्ड यांचे धोरण मान्य झाले नाही. शाळेची कीर्ती वाढू लागली की तिच्या दाराशी राहणारा गरीब प्रथम नजरेआड होतो. आपल्याही नामांकित शाळांनी या गोष्टीचा विचार करावा.

फॉक्स हाऊचे घर

आर्नल्ड दांपत्याची नऊ मुले वाढली : पाच मुलगे आणि चार मुली. एवढ्या मोठ्या शाळेचा व्याप सांभाळणाऱ्या पित्याकडून घराची उपेक्षा होणे स्वाभाविक होते. शाळा ही मोठी खादाड संस्था आहे. ती मुख्याध्यापकाचा दिवस खाते, संध्याकाळ खाते आणि तो सावध नसेल तर त्याचा रविवारही खाते. आर्नल्ड यांनी यावर उपाय योजला. इंग्लंडच्या उत्तरेकडील सरोवरांच्या रम्य प्रदेशात, अँबलसाइड गावाजवळ, त्यांनी फॉक्स हाऊ नावाचे घर बांधले. कविवर्य वर्ड्‌स्वर्थ शेजारीच राहत होते आणि घराच्या उभारणीत त्यांनी रस घेतला होता. सुट्टी लागली की सारे कुटुंब तेथे जाई. डोंगर चढणे, रानफुले ओळखणे, पावसात भिजणे आणि रात्री मोठ्याने वाचन करणे असा तेथला दिनक्रम होता. वरच्या वर्गातले विद्यार्थीही तेथे पाहुणे म्हणून येत.

घरात प्रत्येक मुलाला लाडाचे नाव होते. दुसरे अपत्य मॅथ्यू याचे पाय लहानपणी वाकडे असल्याने त्याला काही काळ लोखंडी पट्ट्या लावाव्या लागल्या. त्याच्या चालीवरून वडिलांनी त्याला ‘खेकडा’ म्हणायला सुरुवात केली आणि घरात ते नाव रूढ झाले. १८३८ पासून या भावंडांनी ‘फॉक्स हाऊ मॅगझिन’ नावाचे हस्तलिखित काढले. त्यात कविता, सहलींची वर्णने आणि एकमेकांची थट्टा असे. ज्या शाळेत पुढे मुलांना ‘डॉक्टर’ या नुसत्या नावाने धाक वाटे, त्याच डॉक्टरांच्या घरात मुले त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत होती.

या घराची खरी धुरा मेरी आर्नल्ड यांनी वाहिली, हे विसरता येत नाही. रग्बीत आजारी विद्यार्थ्याची विचारपूस असो वा जेवायला आलेल्या मुलांचा संकोच घालवणे असो, त्या पतीच्या पाठीशी उभ्या असत. पतीनंतर त्या एकतीस वर्षे जगल्या आणि १८७३ मध्ये निवर्तल्या. तोवर फॉक्स हाऊ हे त्या विखुरलेल्या कुटुंबाचे माहेरच राहिले.

अंत

१८४१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात आधुनिक इतिहासाचे प्राध्यापक म्हणून आर्नल्ड यांची नियुक्ती झाली. हेडमास्तरपद सांभाळूनच त्यांनी तेथे व्याख्याने दिली. आता लवकरच रग्बीचा निरोप घेऊन फॉक्स हाऊला जावे आणि इतिहासलेखनात उरलेले आयुष्य घालवावे असा त्यांचा मानस होता. परंतु ईश्वरी योजना वेगळी होती. ११ जून १८४२ च्या रात्री त्यांनी रोजनिशी लिहिली. सत्तेचाळिसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. पहाटे छातीत कळा येऊ लागल्या. ज्या विकाराने वडील गेले, तोच हा विकार असल्याचे त्यांनी ओळखले आणि शांत मनाने सहन केले. १२ जून, रविवारी सकाळी त्यांची प्राणज्योत मालवली. पत्नी आणि अठरा वर्षांचा मुलगा थॉमस उशाशी होते. रग्बीच्या उपासनामंदिरातच त्यांचे दफन झाले.

दोन वर्षांनी त्यांचे विद्यार्थी आर्थर स्टॅन्ली यांनी त्यांचे चरित्र लिहिले. १८५७ मध्ये थॉमस ह्यूज या दुसऱ्या विद्यार्थ्याने लिहिलेल्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या कादंबरीमुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. १९१८ साली लिटन स्ट्रेची यांनी त्यांच्यावर उपहासाचे बाण सोडले. स्तुती आणि निंदा दोन्ही पचवून ते नाव टिकले आहे.

मुलाची वाट

आता या चरित्रातील कॅथलिकांच्या दृष्टीने सर्वांत विचारप्रवर्तक भागाकडे वळू. १८२९ मध्ये इंग्लंडमधील कॅथलिकांना नागरी हक्क देण्याचा प्रश्न ऐरणीवर आला असताना, कॅथलिकांना न्याय देणे हे ख्रिस्ती कर्तव्यच आहे, असे प्रतिपादन करणारी पुस्तिका आर्नल्ड यांनी लिहिली. हेडमास्तर होऊन वर्षही झाले नव्हते आणि अनेक पालकांना हे रुचणारे नव्हते. परंतु हक्क देणे वेगळे आणि श्रद्धा पटणे वेगळे. जॉन हेन्री न्यूमन आणि त्यांचे ऑक्सफर्डमधील सहकारी अँग्लिकन पंथाला प्राचीन परंपरेकडे नेऊ लागले, तेव्हा आर्नल्ड यांनी १८३६ मध्ये त्यांच्यावर अत्यंत जहाल लेख लिहिला. न्यूमन यांनीही पूर्वी एकदा, हे आर्नल्ड ख्रिस्ती तरी आहेत काय, अशा अर्थाचा प्रश्न विचारला होता. फेब्रुवारी १८४२ मध्ये ओरिएल महाविद्यालयात हे दोघे एका भोजनप्रसंगी समोरासमोर आले आणि सौजन्याने बोलले. चारच महिन्यांनी आर्नल्ड गेले. न्यूमन १८४५ मध्ये कॅथलिक झाले आणि २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

वडिलांच्या उशाशी बसलेला थॉमस, घरातला टॉम, पुढे टास्मानिया बेटावर शाळांचा निरीक्षक झाला. तेथे दीर्घ चिंतनानंतर त्याने न्यूमन यांना पत्र लिहिले आणि जानेवारी १८५६ मध्ये होबार्ट येथे त्याचा कॅथलिक ख्रिस्तसभेत स्वीकार झाला. पत्नी ज्यूलिया हिला हे मुळीच मान्य नव्हते. बेटावरही विरोधाचे वादळ उठले आणि बायकामुलांना घेऊन तो इंग्लंडला परतला. न्यूमन यांनी त्याला डब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठात व पुढे बर्मिंगहॅमच्या आपल्या शाळेत काम दिले. ज्यांच्याविरुद्ध पित्याने लेखणी परजली, त्यांच्याच शाळेत पुत्र शिकवू लागला! त्याची वाट सरळ नव्हती. १८६५ मध्ये तो ख्रिस्तसभेपासून दुरावला आणि १८७६ मध्ये पुन्हा परतला. ऑक्सफर्डमधील प्राध्यापकपद हाताशी आले असताना त्याने हे केले आणि ते पद गमावले. १९०० मध्ये डब्लिन येथे तो कॅथलिक म्हणूनच मरण पावला.

पिता हयात असता तर त्याला केवढे दुःख झाले असते! आणि तरीही प्रश्न पडतो, सत्य दिसले तर त्यासाठी किंमत मोजावी, हे त्या मुलाला कोणी शिकवले होते? मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या त्या पित्यानेच. फॉक्स हाऊचे दार आईने या मुलाला बंद केले नाही. त्याची थोरली मुलगी लहानपणी बराच काळ तेथे आजीजवळच वाढली.

इतर मुलांनीही वडिलांचा वारसा आपापल्या रीतीने चालवला. ‘खेकडा’ मॅथ्यू मोठा कवी व समीक्षक झाला आणि पस्तीस वर्षे सरकारी शाळा-निरीक्षक म्हणून गावोगाव हिंडला. वडिलांवर त्याने लिहिलेली ‘रग्बी चॅपल’ ही कविता प्रसिद्ध आहे. विल्यम आपल्या भारतात आला आणि पंजाबात शिक्षण खात्याचा संचालक झाला. १८५८ मध्ये त्याची पत्नी येथेच वारली. आजारी अवस्थेत मायदेशी परतताना एप्रिल १८५९ मध्ये जिब्राल्टर येथे त्यालाही मृत्यूने गाठले. त्याच्या चार पोरक्या लेकरांना थोरली बहीण जेन आणि तिचे पती विल्यम फॉर्स्टर यांनी पोटच्या मुलांसारखे वाढवले. याच फॉर्स्टर यांनी १८७० मध्ये ब्रिटिश संसदेत प्राथमिक शिक्षणाचा कायदा मांडला आणि सामान्य घरांतील मुलांसाठी गावोगाव शाळा उघडण्याचा मार्ग मोकळा केला. रग्बीच्या फाटकाबाहेर राहिलेल्या कारागिरांच्या मुलांसाठी असा कायदा आर्नल्ड यांच्या जावयाच्या हातून व्हावा, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

स्मरणाचा अर्थ

चांगला मुख्याध्यापक आणि चांगला पिता यांची कसोटी एकच आहे. आपल्या मुलांनी आपलीच नक्कल व्हावे, असा मोह दोघांनाही होतो. आज्ञाधारक मूल पाहून समाधान वाटते. परंतु आज्ञा देणारा दृष्टीआड झाल्यावर ते मूल कसे वागते, यातच शिक्षणाची परीक्षा असते. आर्नल्ड यांनी मुलांवर विश्वास टाकला आणि विश्वास टाकणे म्हणजे फळ आपल्या मनासारखे येईलच असे नाही, हे स्वीकारणे होय. बी पेरण्याचे काम आपले. वाढविणारा परमेश्वर आहे. टॉमने घेतलेली वाट पित्याला आवडली नसती, पण ती चालण्याचे बळ त्याला पित्याच्याच घरात मिळाले होते.

नोव्हेंबर महिन्यात आपण कबरस्थानात मेणबत्त्या लावतो, तेव्हा आईवडिलांबरोबर आपल्या जुन्या शिक्षकांच्या कबरीपाशीही क्षणभर थांबावे. त्यांच्या घरच्या माणसांसाठीही प्रार्थना करावी, कारण जो वेळ आपल्याला मिळाला तो पुष्कळदा त्यांच्या वाट्याचा होता. आणि ज्या शिक्षकाने आपण खरे बोलत असताना, दुसरे कोणी मानत नव्हते तेव्हा, आपले खरे मानले, त्याचे नाव आपल्या मुलांना आवर्जून सांगावे.